केश, क्षौर आणि लोकदृष्टी

मनुष्याच्या देहात असा एक भाग आहे की, तो कापला असता कापणाऱ्यास रक्त दिसत नाही आणि ज्याचा कापला त्यास वेदना होत नाही. तथापि ह्याच भागाने मनुष्यजातीस जितके रडविले आहे, तितके दुसऱ्या कोणत्याही निर्जीव वस्तूने क्वचितच रडविले असेल. केस ही ती वस्तू होय. मूल वर्षाचे होते न होते तोच आम्ही त्याचे जावळ काढतो. बाप वारला म्हणजे मुलगा क्षौर करून घेतो. संन्यास घेणारा शिखा टाकतो. नवस फेडणारा गिरीवरच्या देवास केस वाहतो. म्हणजे जन्म, मरण, वैराग्य आणि भक्ती ह्या चारही प्रसंगी आमच्या समाजाने मस्तकावरील केसांस साक्षीदार म्हणून उभे केले आहे. अशा वस्तूचा इतिहास क्षुल्लक मानणे आम्हांस योग्य वाटत नाही.

हा विचार आमच्या मनात येण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. वसईस आम्ही ज्या इमारतीत राहतो, तेथे शेजारच्या बिऱ्हाडात तिशीतील एक तरुण आहे. पहाटेची गाडी धरून तो रोज मुंबईस नोकरीस जातो. पंचविशीपासून त्याचे केस विरळ होत चालले होते आणि तो ते तेलाने, औषधाने व अखेरीस टोपीने झाकीत आला होता. गेल्या पावसाळ्यात तो चार दिवस दिसला नाही. पाचव्या दिवशी जिन्यात भेटला तेव्हा त्याचे सारे डोके तासलेले, कपाळ सुजलेले आणि पुढच्या भागावर मोहरीएवढ्या तांबूस खपल्या धरलेल्या. तळमजल्यावरील आजीबाईंनी त्यास पाहताच विचारले, “काय रे बाळा, गावी कोणाचं काही झालं का?” तो बिचारा कावराबावरा होऊन म्हणाला, “नाही आजी, सगळी बरी आहेत. माझेच जरा उपचार चालू आहेत.” त्याने केशरोपणाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. केस मिळावेत म्हणून आधी होते नव्हते ते केस उतरवून घ्यावे लागतात, आणि उतरविले की सारा समाज त्यांचा अर्थ विचारू लागतो, हा विरोधाभास त्या एका प्रश्नात भरलेला होता. मस्तकाच्या मुंडनाचा अर्थ लावण्याचा हा अधिकार समाजाने केव्हापासून घेतला, हे पाहावे म्हणून आम्ही जुन्या गोष्टींकडे वळलो. आणि आश्चर्य असे की, फार दूर जावे लागले नाही. आमच्या घरापासून काही कोसांवरच आरंभ सापडला.

आजचे नालासोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. अपरान्ताची ही राजधानी आणि पश्चिम समुद्रावरील मोठे बंदर. 1882 च्या एप्रिलात पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ ह्या नावाने ओळखला जाणारा ढिगारा उकरला. आत विटांचा स्तूप, त्याच्या गाभ्यात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक व त्याभोवती आठ बुद्धमूर्ती मांडलेल्या, आणि एकात एक अशा चांदी, दगड, स्फटिक व सोने ह्यांच्या डब्यांच्या शेवटी भिक्षापात्राचे मानलेले तेरा तुकडे व सोन्याची फुले निघाली. त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. नवव्याचा तुकडा पुढे 1956 साली भुईगावास सापडला. ज्या भूमीवर आज गाड्यांच्या गर्दीत आम्ही एकमेकांस ढकलतो, तेथे एके काळी मुंडितमस्तक भिक्षूंचे संघ राहत असत.

ह्या भिक्षूंचे मुंडन स्वेच्छेचे होते. घर, धन आणि रूप ह्यांचा अभिमान टाकल्याची ती खूण होती. केस टाकणारा त्या टाकण्याचा स्वतःच धनी होता. परंतु सोपाऱ्याशी जडलेली याहूनही विलक्षण अशी एक केसांची कथा ‘दिव्यावदान’ ह्या संस्कृत बौद्ध ग्रंथात आहे. शूर्पारकाच्या एका धनिक व्यापाऱ्यास दासीच्या पोटी झालेला पूर्ण नावाचा मुलगा पुढे भिक्षू झाला. त्याच्या भावांनी चंदनाचा प्रासाद बांधून बुद्धास शूर्पारकास येण्याचे निमंत्रण दिले. बुद्ध येत असता वाटेत एके ठिकाणी पाचशे विधवा राहत होत्या. त्यांनी धर्म ऐकला आणि आपणांस पूजेसाठी काही तरी द्यावे अशी याचना केली. तेव्हा बुद्धाने त्यांना आपले केस व नखे दिली. त्या स्त्रियांनी त्यांवर स्तूप उभारला. त्यास कोणी ‘घरणीस्तूप’ म्हणत, कोणी तेथे रोवलेल्या बकुळीच्या फांदीवरून दुसरे नाव देत. फ्रेंच पंडित ब्युर्नूफ ह्याने 1844 साली ही कथा आपल्या ग्रंथात भाषांतरून युरोपास परिचित करून दिली.

कथेतील चमत्कार कोणी माना वा न माना. आम्हांस तीत एक गोष्ट मनोहर वाटते. शूर्पारकाच्या वाटेवर पाचशे विधवांच्या ओंजळीत केस *दिले* गेले, आणि ते त्यांनी स्वतः होऊन मागितले होते. पुढील काळात ह्याच महाराष्ट्रात विधवांच्या मस्तकावरून केस *घेतले* जाऊ लागले, आणि त्या वेळी त्यांस कोणी विचारले नाही.

केशवपनाची चाल सर्व जातींत नव्हती. मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही वरिष्ठ जातींत होती. परंतु जेथे होती तेथे तिची कठोरता शब्दांत मावणारी नाही. दहा-बारा वर्षांची मुलगी, नवऱ्याचा चेहराही धड आठवत नाही, आणि तिला न्हाव्यापुढे बसवून वस्तरा फिरवावयाचा. पुढे जन्मभर ठराविक दिवसांनी तेच. 1856 च्या कायद्याने विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली, परंतु तिच्या मस्तकावरचा वस्तरा काढून घेतला नाही. हरि नारायण आपटे ह्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ह्या कादंबरीत यमूचे जुलमाने झालेले वपन दाखविले, तेव्हा घराघरांत ते पान वाचताना ज्यांचे डोळे ओले झाले, त्यांतील कित्येकांच्या माजघरात तांबड्या आलवणातील बाई बसलेली असे. आगरकरांनी ‘सुधारका’तून ह्या चालीवर कोरडे ओढले. तथापि लेखणीने जे झाले नाही, त्याचा एक प्रयत्न अगदी अनपेक्षित हातांनी केला. ते हात खुद्द वस्तरा धरणाऱ्यांचे होते.

नारायण मेघाजी लोखंडे हे 1848 साली ठाण्यास जन्मलेले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारणारे पुढारी. 1890 साली त्यांच्या प्रयत्नाने मुंबईत नाभिकांची मोठी सभा भरली, आणि यापुढे आपण विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालवावयाचा नाही असा निश्चय त्या सभेत झाला. ह्याच वर्षी लोखंड्यांच्या खटपटीने गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली, हे सर्वांस ठाऊक असते. नाभिकांच्या संपाची आठवण मात्र थोड्यांनाच असते. आमच्या मते ही सभा अधिक मोठी आहे. सुटी मागणारा आपल्यासाठी मागतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्याचे पोट धोपटीवर चालते, त्याने “हे पैसे आम्हांस नकोत, ह्या बाया आमच्या बहिणी आहेत” असा पक्ष घ्यावा, आणि तोही ज्या जातींनी त्यास पंक्तीबाहेर बसविले त्यांच्या मुलींसाठी घ्यावा, हे औदार्य इतिहासात वारंवार आढळत नाही. त्या संपाने चाल एका दिवसात बंद पडली असे नव्हे. ती पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. पण अन्याय करण्यास जे हात लागतात ते हातच नाही म्हणू शकतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आता गेलेले केस परत आणण्याची गोष्ट. देवरूखच्या जोशांच्या घरात 1870 साली जन्मलेल्या पार्वतीबाई आठवले ह्या धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई ह्यांच्या धाकट्या बहीण. विशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले, आणि चालीप्रमाणे वपनही झाले. पुढे त्या हिंगण्याच्या आश्रमात आल्या, शिकल्या, आश्रमाचा कारभार पाहू लागल्या आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. इतके होऊनही त्यांचे मस्तक मुंडितच होते. 1912 च्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी केस वाढू देण्याचे ठरविले. आपले आत्मचरित्र ‘माझी कहाणी’ त्यांनी 1928 साली प्रसिद्ध केले.

हा निश्चय करणे जितके अवघड, त्याहून तो पार पाडणे अवघड. पुनर्विवाह एका दिवशी लागतो. केस एका दिवशी येत नाहीत. ते महिन्यास बोटाच्या अर्ध्या पेराइतकेही वाढत नाहीत. धड मुंडन नाही आणि धड वेणी नाही, अशा अवस्थेत त्या बाईस सनातनी दारांपुढे उभे राहून वर्गणी मागावयाची होती. अंगुळ अंगुळ वाढणारा केस हा प्रत्येक पाहणाऱ्यास दिलेला जबाबच होता. विसरलेला हक्क परत घेणारास लोकांच्या नजरेखाली अशी काही अर्धवट वर्षे काढावीच लागतात. पार्वतीबाईंनी ती काढली आणि पुढे 1918 साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या.

कोणी म्हणेल, कोठे ती वैधव्याची विटंबना आणि कोठे तरुणांचे टक्कल! अंतर आहेच, आणि ते आम्ही पुसू इच्छीत नाही. विधवेचे केस मनुष्याने नेले, तरुणाचे निसर्ग नेतो. आणि निसर्गाच्या मनात द्वेष नसतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ हॅमिल्टन ह्याने 1942 साली दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वीच ज्यांची पुरुषग्रंथी गेली, त्यांस टक्कल पडत नाही; परंतु त्यांस पुरुषरस टोचला असता, ज्यांच्या कुळात टक्कल आहे त्यांचे केस गळू लागतात. म्हणजे कारणे दोन: वंश आणि रस. तेल कमी लावले, टोपी घातली किंवा विहिरीचे पाणी जड होते, ह्यांमुळे हे टक्कल येत नाही. बापास किंवा मामास बोल लावण्यातही अर्थ नाही. त्यांनी ते हेतुपुरस्सर दिलेले नसते. कपाळाच्या बाजूचे व टाळूवरचे केस ह्या रसास बळी पडतात, मागचे व कानांवरचे पडत नाहीत. म्हणून अत्यंत टकल्या मनुष्याच्याही मानेवर झालर शिल्लक राहते. ह्या झालरीतच केशरोपणाचे रहस्य आहे.

एका ठिकाणचे कातडे दुसऱ्या ठिकाणी नेऊन जगविणे ही विद्या आमच्या भूमीस नवी नाही. टिपूच्या युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या बैलवानाचे नाक व एक हात टिपूच्या लोकांनी छाटले. पुढे पुण्याकडील एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या इसमाने त्याच्या कपाळाचे कातडे खाली वळवून नवे नाक बसविले. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, आणि 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापली गेली. ती वाचून कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने 1814 साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. नाक गेलेला मनुष्य जगू शकतो, खाऊपिऊ शकतो. तरी त्याने नाक का मागावे, असे पुण्याच्या त्या कारागिराने विचारले नाही. समाजात तोंड दाखविता येणे हीही एक प्रकारची प्राणरक्षाच आहे, हे त्यास शास्त्राच्या पुस्तकावाचून कळले होते.

केसांच्या बाबतीत हे कार्य पुष्कळ उशिरा झाले. जपानी वैद्य ओकुदा ह्याने 1939 साली लहान नळीसारख्या पात्याने केसांसह कातडीचे गोल तुकडे काढून भाजलेल्या जागी, भुवयांवर व इतरत्र रोवल्याचे प्रसिद्ध केले. परंतु महायुद्धाच्या धामधुमीत ते जगाच्या लक्षात आले नाही. न्यूयॉर्कच्या ऑरेंट्राइक ह्याने 1952 साली मागचे केस पुढे रोवून पाहिले व 1959 साली सिद्धांत मांडला की, केस जेथून येतो तेथला स्वभाव घेऊन येतो. उजाड जागी बसविला तरी तो गळत नाही. सासरी गेलेली मुलगी माहेरचे वळण विसरत नाही, तसेच हे. आरंभीचे तुकडे मोठे असत, आणि त्यामुळे डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे. पुढे एक ते चार केसांचा निसर्गतःच असणारा गुच्छ सुटा काढून रोवण्याची रीत आली. आजही नवा केस मात्र कोणी निर्माण करीत नाही. भरल्या कणगीतील दाणे उचलून रिकाम्या कणगीत टाकावयाचे, इतकेच. एकूण दाणे वाढत नाहीत. कणगी मुळात किती भरली आहे हे पाहिल्यावाचून जो वैद्य मोठी आश्वासने देतो, त्याच्यापासून सावध राहावे.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ कसा जातो, हे शेजाऱ्याच्या निमित्ताने आम्ही जवळून पाहिले. पहिले काही दिवस उशी उंच घेऊन निजावे लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरते व ओसरते. रोवलेली मुळे सुमारे दहा दिवसांत धरतात. तोवर खाजविणे, ऊन, घट्ट टोपी आणि गाडीतील धक्के हे सारे वैरी. खपल्या आठ-दहा दिवसांत आपोआप पडतात. खरी कसोटी त्यापुढे. दुसऱ्या आठवड्यापासून दीड महिन्यापर्यंत रोवलेले बहुतेक केस गळून पडतात. मूळ आत जिवंत असते, केवळ काडी गळते. परंतु उशीवर पडलेले ते केस पाहून धीर सुटत नाही असा मनुष्य विरळा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे अंकुर दिसतात, आणि पुरते फळ येण्यास वर्ष लागते. शिवाय मूळचे जे केस गळत होते ते गळतच राहतात. त्यांसाठी औषध चालू ठेवावे लागते. खोऱ्यात भात लावणारा शेतकरी आवण पिवळे पडलेले पाहून घाबरत नाही. चार दिवसांत ते मूळ धरते हे त्यास ठाऊक असते. शहरातील मनुष्यास मात्र वाट पाहण्याची सवय उरलेली नाही.

ह्या विद्येभोवती बाजारही जमला आहे, हे सांगितल्यावाचून चालणार नाही. ही शस्त्रक्रिया आहे, दाढी नव्हे. तीत भूल आहे, रक्त आहे आणि क्वचित जीवाचा धोकाही आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली मार्गदर्शक नियम काढून, हे काम रीतसर शिक्षण घेतलेल्या वैद्यांनीच करावे, केवळ चित्रफिती पाहून वा एखाद्या कार्यशाळेस बसून ही विद्या येत नाही, असे स्पष्ट बजावले. ज्यास करावयाचे त्याने करणाऱ्याची पदवी विचारावी. त्यात अपमान नाही. आणि सर्वच गळती टकलाची नसते, हेही लक्षात ठेवावे. मोठा ताप, बाळंतपण किंवा कडक उपासमार ह्यांनंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस बहुधा आपले आपणच परत येतात. तेथे शस्त्र नको, धीर व अन्न हवे.

मग लज्जा कशाची? 2024 च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांतील माणसांचे केस अकस्मात, काही दिवसांतच, मुळापासून गळू लागले. पुरुष, स्त्रिया, शाळकरी मुले, कोणीही सुटले नाही. सरकारी पथके आली, पाणी, माती, रक्त ह्यांचे नमुने गेले. विंचूदंशावरील संशोधनाने प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियम ह्या द्रव्याकडे बोट दाखविले. पुढे अनेकांचे केस परतही येऊ लागले. परंतु ते येईपर्यंत त्या गावांतील मुलांनी शाळेत आणि उपवर मुलींनी सोयऱ्यांपुढे जे सोसले, त्याची मोजणी कोणत्या प्रयोगशाळेत व्हावयाची? अन्नातून आलेल्या दोषाची शिक्षा, ते अन्न ज्यांनी खाल्ले त्यांनाच लोकांच्या नजरेने दिली.

म्हणून आम्हांस वाटते की, ह्या साऱ्या इतिहासाचा इत्यर्थ एकच आहे. सोपाऱ्याच्या भिक्षूने केस टाकले, त्यात त्यास दुःख नव्हते. कारण टाकणारा तोच होता. माजघरातील विधवेचे केस गेले, त्यात मरणप्राय दुःख होते. कारण नेणारे दुसरे होते. म्हणजे दुःख केसांत नसून, आपल्या देहावर आपली सत्ता आहे की पाहणाराची आहे, ह्या प्रश्नात आहे. जो टक्कल आनंदाने मिरवितो तोही शहाणा, आणि जो पदरचे पैसे वेचून, डोळे उघडे ठेवून केस रोवून घेतो तोही मूर्ख नव्हे. मूर्ख असलाच तर जिन्यात उभा राहून हसणारा. आमच्या स्वतःच्या मस्तकावर गेली वीस वर्षे चंद्र उगवलेला आहे व आम्ही तो तसाच ठेवला आहे. परंतु आमची निवड हा दुसऱ्यास उपदेश होऊ नये, एवढे भान ह्या अभ्यासाने आले.

शेजारच्या तरुणाच्या मस्तकावर परवा पाचव्या महिन्याची कोवळी लव दिसली. तळमजल्यावरील आजीबाईंनी त्यास थांबविले, डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाल्या, “धरलंय हो चांगलं.” आवणाबद्दल बोलावे तसे त्या बोलल्या. तो मोकळेपणाने हसला आणि टोपी हातातच ठेवून स्टेशनाच्या वाटेस लागला.